स्वमग्नतेला विकार म्हणावे का?

स्वमग्नता (ऑटिझम) हा केवळ वेगळेपणा असल्याने तिला विकारांच्या यादीतून काढावे का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. माझे धाकटे दीर पुण्यात बसून माझ्याशी हाच वाद घालत असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे घर आहे. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. त्या खडखडाटात माझा मुलगा गाढ झोपतो, मात्र गड्ड्याच्या यात्रेतील शोभेचे दारूकाम सुरू झाले की कान दाबून पलंगाखाली शिरतो. इथवर वेगळेपणाचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु एका वर्षी दारूकाम आटोपून दोन दिवस झाले तरी त्याने कानावरचे हात काढले नाहीत, जेवण टाकले आणि तो भिंतीवर डोके आपटू लागला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दिरांनी मात्र फोनवरून ‘वहिनी, त्याला त्याच्या पद्धतीने व्यक्त होऊ द्या’ असा उपदेश केला. उशीवर पू दिसला तेव्हा कान फुटल्याचे कळले. एवढ्या मोठ्या मुलाला ‘कान दुखतो’ इतकेही सांगता येत नसेल, तर समाजाने दृष्टिकोन बदलून त्याची वेदना कशी कळणार?

वर्गीकरणाचे म्हणाल, तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची मनोविकारांची सूची, म्हणजे 2013 चे डीएसएम-5, आणि जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची सूची, म्हणजे आयसीडी-11, या दोन्हींत स्वमग्नता विकारच आहे. आपल्याकडे 1995 च्या अपंग कायद्यातील 7 प्रकारांत ती नव्हती, त्यामुळे अनेकांना मतिमंद म्हणून दाखला घ्यावा लागे. 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत ती स्वतंत्रपणे आली. परीक्षेतील लेखनिक आणि जादा वेळ, निरामय आरोग्य विमा, हे सारे अपंगत्वाच्या दाखल्यावर मिळते. शिवाय आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असे एकेकाळी नामवंत मानसोपचारतज्ज्ञही मानत. हे मेंदूच्या विकासातील आहे, असे डॉक्टरांनी सांगितल्यावरच सासरी माझ्यावरचा ठपका पुसला गेला.

अर्थात, जे स्वमग्न प्रौढ स्वतःचे म्हणणे मांडू शकतात, त्यांनी विकारग्रस्त म्हणवून घेण्यास नकार दिला तर तो त्यांचा अधिकार आहे. ते माझ्या मुलाच्या वतीने बोलू लागले, तरच माझी हरकत आहे.

आपल्या घरी असे मूल असेल, तर अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तींचे सरकारी ओळखपत्र) आधी काढून घ्यावे. शिक्का बसेल म्हणून अडवणाऱ्या नातेवाइकांना आठवडाभर मूल सांभाळायला बोलवावे. आमचे दीर अद्याप आलेले नाहीत.