शाळेतलं जेवण फक्त गरजूंना द्यावं की सगळ्यांना?

तुम्ही लिहिलंय की पालकांच्या बैठकीत शाळेतल्या सगळ्या मुलांना सकस जेवण मोफत मिळावं अशी मागणी मांडली आणि पहिलाच प्रश्न आला, "खात्यापित्या घरच्या मुलांना फुकट कशाला? गरजूंनाच द्या, पैसे वाचतील." त्यावर तुम्हाला उत्तर सुचलं नाही. मी बारा वर्षं याच कामात आहे आणि हा प्रश्न ऐकला नाही अशी एकही बैठक आठवत नाही. विचारणाऱ्याला मनापासून वाटत असतं की यातच काटकसर आहे, म्हणून त्याच्यावर चिडू नका. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच, म्हणजे एकाच पंगतीत वाढताना केलेला भेदभाव. शाळेत तो कसा घडतो हे त्याला दाखवा.

मी पालक समितीत आलो तेव्हा त्या शाळेत जेवण फक्त 'पात्र' मुलांना मिळायचं. पाचवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीची घंटा झाली की नळावर जायचा, ओंजळीने पाणी प्यायचा आणि मैदानाच्या पार टोकाला जाऊन बसायचा. जेवणाचा अर्ज त्याच्या दप्तरातच होता. चार घड्या घातलेला, कडा मळलेल्या, उत्पन्नाचा रकाना कोरा. तो त्याने घरी दाखवलाच नव्हता. का, असं विचारलं तर म्हणाला, "त्या रांगेत उभं राहिलं की सगळ्यांना कळतं." शाळेच्या वहीत तो मुलगा 'अर्ज नाही' एवढाच होता. अर्ज नाही म्हणजे गरज नाही, असं धरून वर्ष निघून गेलं असतं.

गरजू निवडायचे म्हटलं की असंच होतं. कुणाची मिळकत महिन्यागणिक बदलते, कुणाकडे दाखला नसतो, कुणी ठरवलेल्या मर्यादेच्या जेमतेम वर असतो. शिवाय अर्ज तपासायला माणूस लागतो, आणि तो खर्च 'वाचलेल्या' पैशांतून कुणी वजा करत नाही. अमेरिकेत पात्रता आणि जेवणाच्या पैशांच्या थकबाकीचा हिशेब वर्षानुवर्षं शाळांनीच ठेवला. २०१४ साली सॉल्ट लेक सिटीतल्या एका प्राथमिक शाळेत तीस-चाळीस मुलांच्या हातातली ताटं, त्यांच्या जेवणाच्या खात्यात पैसे उरले नाहीत म्हणून काढून घेतली आणि कचऱ्यात टाकली. वाढून झालेलं अन्न होतं ते. उधारीवरून मुलांची अशी मानहानी करायला बंदी घालणारा कायदा शेवटी २०१७ साली न्यू मेक्सिको राज्याने केला. कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी २०२२ पासून सरळ सगळ्यांनाच जेवण द्यायला सुरुवात केली.

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि बैठकीत तो क्वचितच निघतो. जेवण फक्त गरिबांच्या मुलांसाठी असलं की त्याचा दर्जा घसरत जातो, कारण तक्रार केली तर ऐकून घेतलं जाईल असे पालक त्या रांगेत नसतात. ज्या वर्षी आमच्याकडे सगळी मुलं जेवायला बसू लागली, त्याच वर्षी भाजी कच्ची राहते, फळं डागाळलेली येतात अशा लेखी तक्रारी पहिल्यांदा आल्या. पुरवठादार तोच होता. आधीची मुलंही तेच खात होती, त्यांच्यासाठी लिहिणारं कुणी नव्हतं.

आणि खात्यापित्या घरच्या मुलांना याची गरजच नाही, हेही खरं नाही. स्वीडनमध्ये १९५९ ते १९६९ या काळात एकेका नगरपालिकेने सकस मोफत जेवण सगळ्या विद्यार्थ्यांना सुरू केलं. ती मुलं मोठी झाल्यावर संशोधकांनी त्यांच्या कमाईचा माग काढला. प्राथमिक शाळेची सगळी वर्षं ज्यांना हे जेवण मिळालं, त्यांची आयुष्यभराची कमाई सरासरी ३ टक्क्यांनी जास्त निघाली. गरीब घरच्यांना फायदा जास्त झाला, पण झाला सगळ्यांना. दप्तरात पैसे किंवा बंद पाकिटातला खाऊ असणं म्हणजे पोषण नव्हे, हे आपण पालक मनातून जाणतोच.

"हे कुठे जमलंय?" असं कुणी विचारलं तर फिनलंडचं नाव घ्या. युद्ध चालू असताना, १९४३ साली त्यांनी कायदा केला, १९४८ पासून तो पूर्ण लागू झाला. श्रीमंत झाल्यावर सुचलेली ती चैन नव्हती. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं, किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. त्यातला 'प्रत्येक' हा शब्द बैठकीत वाचून दाखवा. तुमच्याकडे निघालेला वाद दक्षिण कोरियातल्या सोल शहरात २०११ साली थेट सार्वमतापर्यंत गेला होता. मोफत जेवण कमी उत्पन्नाच्या घरांपुरतंच ठेवावं असं तेव्हाचे महापौर ओ से-हून यांचं म्हणणं. मतदान झालं २५.७ टक्के, हवं होतं एक तृतीयांश. मतं मोजलीच गेली नाहीत आणि महापौरांनी राजीनामा दिला.

आता एक कळकळीची विनंती. 'सगळ्यांना' म्हणताना 'सकस' आणि 'सुरक्षित' हे शब्द सोडू नका. २०१३ साली बिहारमधल्या गंडामन गावात शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं गेली, त्या अन्नात कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. योजना कागदावर सर्वांसाठीच होती. म्हणून धान्य ठेवायची कुलपाची वेगळी खोली, स्वयंपाक करणाऱ्यांना नीट पगार आणि प्रशिक्षण, आणि वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घेणं या गोष्टी मागणीतच लिहा. नंतर बघू म्हणाल तर राहून जातील.

बैठकीआधी एक काम करा. तुम्ही दोघं-तिघं पालक आठवडाभर मुलांबरोबर जेवा आणि घड्याळ लावून बसा. आमच्याकडे मधली सुट्टी २५ मिनिटांची होती. लहान वर्गांची रांगेतच १५ मिनिटं जायची, मग पोरं घाईघाईने चार घास खाऊन खेळायला पळायची आणि टाकलेल्या भाजीची बादली भरायची. मुलांना भाजी आवडत नाही, असा निष्कर्ष निघाला होता. खेळ आधी आणि जेवण नंतर केलं, ताटावर बसल्यापासून २० मिनिटं मिळतील अशी वेळ आखली, तर महिन्याभरात बादली निम्मी झाली. अशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली नोंद समोर ठेवलीत तर चर्चा दयेवरून कामावर येते.

ब्राझीलचंही लक्षात ठेवा. तिथे २००९ च्या कायद्याने शाळांच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांतला किमान ३० टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदी करायला राखून ठेवला. तुमच्या बैठकीत शेती करणारे पालक असतील तर त्यांना हा मुद्दा लगेच पटेल.

आणि तुमच्या ठरावात 'गरजू विद्यार्थ्यांसह सर्वांना' असं लिहिलंय ना? त्यातलं 'गरजू विद्यार्थ्यांसह' एवढं खोडून टाका. मसुदा तयार झाला की इथे टाका, मी ओळीन् ओळ बघून देतो.