झुकत्या जपानी मेपलची पानं करपली तर आधी बुंध्याकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नवीन घेतलेल्या घरासमोर लाल, झालरीसारख्या पानांचं, फांद्या जमिनीकडे झुकलेलं जपानी मेपल आहे. जुलैत पानांची टोकं करपली. मधूनच एक फांदी सरळ वर गेली आहे आणि तिची पानं हिरवी, रुंद आहेत. शेजारी म्हणतात, कात्रीने गोल छाटून टाका. शिवाय पुण्याच्या भावाला याचं रोप द्यायचं आहे.

करपलेली पानं बघून बहुतेक जण औषध आणि खत शोधायला निघतात. या झाडाच्या बाबतीत दुखणं बरेचदा खाली असतं, म्हणून आधी गुडघे टेकून बुंध्याशी बसा. न्यू जर्सीत लॉनवाले दर वसंतात बुंध्याभोवती लाकडाच्या बारीक तुकड्यांचा, म्हणजे मल्चचा, ढीग रचून जातात. वर्षानुवर्षं थरावर थर चढतो. साल सतत ओली राहून कुजते आणि मुळं खाली जायचं सोडून त्या ढिगातच वाढून खोडाला वेढा घालतात. हाताने ढीग बाजूला करत जा. बुंधा जिथे रुंदावून मुळांत उतरतो तो भाग उघडा दिसला पाहिजे. खोडाला आवळणारी बारीक मुळं सापडली तर धारदार कात्रीने कापा. जाड मूळ असेल तर एकदम हात लावू नका, झाडांच्या जाणकाराला दाखवा. मल्च हवंच, कारण या झाडाची मुळं उथळ असतात आणि त्यांना गारवा लागतो. पण थर दोन-तीन इंचांचा आणि खोडापासून चार बोटं लांब.

आता करपण्याबद्दल. या जातीचं पान देठापर्यंत चिरलेलं आणि अतिशय पातळ असतं. दुपारचं ऊन आणि कोरडा वारा एकत्र आले की पानातून पाणी जातं तेवढ्या वेगाने उथळ मुळं ते वर चढवू शकत नाहीत, मग आधी टोकं जळतात. लॉनचे स्प्रिंकलर रोज दहा मिनिटं उडतात, त्यात वरची अर्धा इंच माती भिजते आणि खालची कोरडीच राहते. त्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा, पहाटे, पाइप अगदी बारीक सोडून फांद्यांच्या घेराखाली अर्धा-पाऊण तास ठेवा. पुढचं पाणी द्यायच्या आधी बोट खुपसून बघा. दोन इंचांवर ओल असेल तर देऊ नका. चिकण मातीत पाणी साचून मुळं कुजली तरी पानं अशीच करपतात, आणि तेव्हा माणूस घाबरून आणखी पाणी घालतो. जळलेली टोकं पुन्हा लाल होणार नाहीत, ती पानं यंदा तशीच राहतील. झाड मात्र त्याने मरत नाही.

लॉनवाल्यांशी एक गोष्ट स्पष्ट बोला. गवताचं खत आणि तणनाशक एकत्र असलेलं मिश्रण या झाडाच्या घेरात पडता कामा नये. त्यातल्या काहींत डायकांबा असतं. ते रुंद पानांच्या तणांसाठी बनवलेलं आहे आणि जमिनीतून मेपलच्या मुळांनाही लागतं. वेगळं खतही सहसा लागत नाही. नायट्रोजन जास्त झाला की लांबलचक लुसलुशीत फूट येते आणि झाडाचा घाट बिघडतो. शंका असेल तर रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना द्या. थोडी आम्लधर्मी माती याला मानवते.

ती सरळ गेलेली हिरवी फांदी म्हणजे जवळजवळ नक्कीच खुंटाची, म्हणजे कलमाखालच्या मूळ रोपाची, फूट. ही झुकती मेपल बियांपासून तशीच्या तशी येत नाहीत, म्हणून साध्या जपानी मेपलच्या रोपावर त्यांची काडी बांधतात, रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसचं कलम करतात तसंच. खोडावर कुठेतरी फुगीर जोड किंवा सालीच्या पोतात बदल दिसेल. कधी तो जमिनीलगत असतो, कधी तीन-चार फुटांवर. फांदी त्याच्या खालून निघत असेल तर आजच, अगदी उगमापाशी, खुंटी न ठेवता कापा. खुंट मूळचा जोमदार असतो. दोन-चार वर्षं दुर्लक्ष झालं तर तोच वर चढतो आणि तुमचं लाल झाड सावलीत दबून मरतं. असे हिरव्या झाडाखाली लाल झालर उरलेले मेपल मी पाहिले आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं.

शेजाऱ्यांचा सल्ला कृपा करून ऐकू नका. गोल छाटलं की बाहेरच्या बाजूला दाट काड्यांचं कवच होतं, आत उजेड पोचत नाही आणि आतल्या फांद्या वाळतात. या झाडाचं खरं रूप त्याच्या वळणदार खोडात आणि एकावर एक उतरणाऱ्या फांद्यांच्या थरांत आहे, आणि ते हिवाळ्यात पानं गळल्यावरच नीट दिसतं. छाटणी त्याच वेळी, पानगळीनंतर नाताळच्या सुमारास करा. वसंताच्या तोंडावर कापलं तर जखमेतून रस वाहत राहतो. झाडाच्या खाली शिरून आतून वर बघा. आधी वाळलेल्या काड्या हाताने मोडून काढा, निम्मं काम त्यातच होतं. मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक ठेवा, आणि जिथे दोन थर चिकटले आहेत तिथे खालचा थोडा विरळ करा. एका मोसमात पाचव्या हिश्श्याहून जास्त काढू नका. ही झाडं सावकाश वाढतात, चुकीची कापलेली फांदी भरून यायला फार वर्षं लागतात.

तुम्ही मागच्या अंगणात वांगी-टोमॅटो लावणार असं लिहिलं आहे, म्हणून हे सांगतो: मेपलजवळ लावू नका. व्हर्टिसिलियम नावाची मातीतली बुरशी वांगी, टोमॅटो, बटाटा, भेंडी आणि मेपल या सगळ्यांना धरते. भर उन्हाळ्यात झाडाची एकच बाजू अचानक कोमेजली तर ती फांदी आडवी कापून बघा. लाकडात गडद रेघा दिसल्या तर हीच शंका घ्या आणि तुकडा रटगर्सच्या रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवा. यावर औषध नाही. रोगट फांदी काढायची, कात्री स्पिरिटने पुसायची, पाणी नीट सांभाळायचं, एवढंच हातात असतं.

जून-जुलैत तांबूस-हिरवे जपानी भुंगे पानांची जाळी करतील. १९१६ मध्ये अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले ते न्यू जर्सीतच, रिव्हर्टनजवळ. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्यात झटकून टाका. त्यांचे सापळे झाडाजवळ टांगू नका, सापळ्यांच्या वासाने उलट जास्त भुंगे येतात. हिवाळ्यात फांद्यांवर ओला बर्फ साठला तर खालून वर हलकेच झाडा. काचेसारखा गोठला असेल तर हात लावू नका, फांदी मोडेल. ड्राइव्हवेवरचं मीठही बुंध्याकडे ढकलू नका.

भावाला रोप पाठवण्याचा विचार सोडून द्या. भारतात आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय जिवंत रोप नेता येत नाही, आणि नेलं तरी पुण्यात ते सुखाने राहणार नाही. या झाडाला पानं गाळून महिनोन्‌महिने गाढ थंडीत विश्रांती लागते. पुण्यात पहाटे गारठा असला तरी दुपारी ऊन चटकतं, आणि एप्रिल-मेमध्ये तर पानं तग धरणार नाहीत. भावाकडे शेत किंवा मोठं अंगण असेल तर कुसुम, म्हणजे कोशिंब, लावायला सांगा. फाल्गुन-चैत्रात त्याची लालभडक पालवी बघण्यासारखी असते. तो मोठा वृक्ष होतो, त्यामुळे भिंतीपासून चांगला लांब लावा म्हणावं.