एन्झायटीच्या गोळ्यांनी खरंच फरक पडतो का?

हो पडतो, बऱ्याच जणांना चांगला पडतो, पण लगेच नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन असल्या गोळ्यांचा गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात आणि सुरुवातीला मळमळ, बेचैनी उलट वाढल्यासारखी वाटू शकते, तिथंच लोकं गोळी सोडतात आणि मग म्हणतात उपयोगच नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम लवकर शांत करतात खरं पण सवय लागते, मेडिकलमधून आपल्या मनानं आणून रोज घेऊ नका प्लीज. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्या बरं वाटल्यावरपण साधारण 6 ते 12 महिने चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू डोस कमी करतात. सोबत सीबीटी काउन्सेलिंग (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं) जमलं तर अजून चांगलं. सोलापुरात सिव्हिलला मानसोपचारचे डॉक्टर आहेत, लाजू नका, नाहीतर टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416 वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.