सर्व्हरला नवी डिस्क जोडली, तरी जागा वाढलेली का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंगणघाटजवळच्या जिनिंगमध्ये काटापट्ट्या, गाड्यांचे फोटो आणि गाठींचा हिशेब ठेवणारा एक व्हर्च्युअल सर्व्हर आहे. खाली प्रॉक्समॉक्स (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारी प्रणाली), आत उबुंटू लिनक्स. जागा संपत आली म्हणून १०० जीबीची दुसरी डिस्क जोडली, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तरी 'डीएफ' (किती जागा भरली ते दाखवणारी कमांड) ९७ टक्के भरलेलंच दाखवतं. डिस्क खराब निघाली का?

नाही भाऊ, डिस्क चांगली आहे. शेजारचं वावर विकत घेतलं म्हणून मधला धुरा आपोआप मोडत नाही, तसं झालंय. प्रॉक्समॉक्सने डिस्क दिली, उबुंटूने ती पाहिली, पण ती वापरायला कोणी सांगितलंच नाही. 'डीएफ' डिस्क मोजत नाही, माउंट झालेली, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडून वापरात आणलेली फाइल सिस्टीम मोजतं. डिस्क पाहायची तर 'एलएसबीएलके' चालवा. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांत टाका.) जुनी डिस्क एसडीए आणि तिच्याखाली तिचे भाग दिसतील, आणि शेवटी एसडीबी एकटीच, खाली काहीही नसलेली. डिस्क जोडताना प्रॉक्समॉक्समध्ये व्हर्टआयओ ब्लॉक हा प्रकार निवडला असेल तर नावं व्हीडीए, व्हीडीबी अशी असतील.

आता घाई करू नका. आधी 'व्हीजीएस' चालवून 'व्हीफ्री' हा रकाना बघा. उबुंटू सर्व्हर एलव्हीएमसह (डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटणारी व्यवस्था) टाकला असेल, तर त्याचा इन्स्टॉलर सगळी जागा रूटला, म्हणजे उबुंटू ज्यावर चालतं त्या मुख्य फाइल सिस्टीमला, देत नाही. व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे एलव्हीएमने एकत्र केलेली जागा, २० ते २०० जीबीच्या मधला असेल तर निम्मीच देतो, २०० च्या वर असेल तर १०० जीबीच देतो. बाकीची जागा तशीच पडून राहते आणि मालक नवी डिस्क विकत घेतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन-चार जिनिंगचे आणि एका दूध संकलन केंद्राचे सर्व्हर मी सांभाळतो, तिथे हा प्रकार पाहिला आहे. तुमच्याकडे व्हीफ्रीमध्ये जागा दिसली, तर नव्या डिस्कला हात न लावताही आजचं काम भागेल.

जागा खाल्ली कोणी, तेही पाहून घ्या. 'डीयू' लावून कोणतं फोल्डर फुगलंय ते शोधा. बहुतेक फोटोच असतील, कारण काटापट्टीच्या नोंदींचा डेटाबेस त्यामानाने लहान असतो. 'डीयू'ची बेरीज 'डीएफ'पेक्षा बरीच कमी आली, तर एखादी मोठी लॉग फाइल पुसली गेली आहे पण कुठला तरी प्रोग्रॅम ती अजून उघडी धरून बसला आहे, असं समजा. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा सुटते.

एवढं करूनही डिस्क लागणारच असेल, तर दोन वाटा आहेत. नेटवर बहुतेक ठिकाणी पहिलीच सांगतात: 'पीव्हीक्रिएट'ने नवी डिस्क एलव्हीएमच्या ताब्यात द्यायची, 'व्हीजीएक्स्टेंड'ने ती जुन्या ग्रुपमध्ये घालायची आणि 'एलव्हीएक्स्टेंड'ने रूट वाढवायचा. शेवटच्या कमांडला 'आर' हा पर्याय दिला की फाइल सिस्टीमही सोबतच वाढते. तो विसरला तर लॉजिकल व्हॉल्यूम (ग्रुपमधून रूटला दिलेला वाटा) मोठा होतो आणि 'डीएफ' जागचा हलत नाही. मग फाइल सिस्टीम एक्स्ट-४ प्रकारची असेल तर 'रिसाइझ-टू-एफएस' किंवा एक्सएफएस प्रकारची असेल तर 'एक्सएफएस_ग्रोएफएस' वेगळं चालवावं लागतं. सर्व्हर चालू असतानाच हे सगळं होतं, दहा मिनिटांचं काम.

तरी तुम्हाला मी ही वाट सुचवणार नाही. अशाने एकच फाइल सिस्टीम दोन डिस्कवर पसरते. उद्या त्यातली एक गेली, किंवा कोणी प्रॉक्समॉक्समध्ये चुकून काढून टाकली, तर फक्त फोटो जात नाहीत, अख्खा रूट जातो आणि सर्व्हर उठतच नाही. हंगामात फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या असताना काटा बंद पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय ही वाट सहज मागे फिरत नाही. चालू रूटवरचं एक्स्ट-४ लहान करता येत नाही, त्यासाठी सर्व्हर बाहेरच्या आयएसओवरून (इन्स्टॉलरसारख्या बूट होणाऱ्या फाइलवरून) सुरू करावा लागतो. एक्सएफएस तर लहान होतं असं धरूच नका. रूट वाढवायचाच असेल तर गरजेपुरता वाढवा, म्हणजे २० जीबी लागत असेल तर २० च, आणि उरलेली जागा ग्रुपमध्ये मोकळी राहू द्या.

दुसरी वाट म्हणजे नवी डिस्क वेगळी ठेवून फोटोंचं फोल्डर तिच्यावर नेणं. माझं मत ठामपणे याच बाजूने आहे. फोटोंनी डिस्क भरली तरी रूटचा श्वास कोंडत नाही, पावत्या निघत राहतात. पुढे नवा सर्व्हर घेतला तर ही डिस्क काढून तिकडे जोडता येते.

डिस्कवर जीपीटी पद्धतीने (डिस्कचे भाग नोंदवायची पद्धत) एक पार्टिशन, म्हणजे भाग, करा. थेट अख्ख्या डिस्कवरही फाइल सिस्टीम बसते, पण पार्टिशन दिसलं की पुढच्या माणसाला ही डिस्क रिकामी नाही हे कळतं. त्यावर एक्स्ट-४ करा. त्याआधी नाव दोनदा वाचा, एसडीए की एसडीबी, कारण 'एमकेएफएस' (फाइल सिस्टीम तयार करणारी कमांड) चुकीच्या नावावर चाललं तर जुनी डिस्क पुसली जाऊ शकते. एक्स्ट-४ पाच टक्के जागा रूट युजरसाठी (सगळे अधिकार असलेलं खातं) राखून ठेवतं, १०० जीबीवर ५ जीबी. फोटोंच्या डिस्कला एवढी राखीव जागा लागत नाही, 'ट्यून-टू-एफएस'ने ती एक टक्क्यावर आणा. मग डिस्क तात्पुरती कुठेतरी माउंट करून 'आरसिंक' या कॉपी करणाऱ्या कमांडने फोटो मालकी आणि परवानग्यांसह उतरवा. शेवटी काट्याचा प्रोग्रॅम थांबवून आणखी एकदा 'आरसिंक' फिरवा, म्हणजे मधल्या वेळेत आलेले फोटो सुटणार नाहीत. जुनं फोल्डर लगेच पुसू नका, नाव बदलून दोन दिवस राहू द्या, आणि त्याच जागी रिकामं फोल्डर करून डिस्क तिथे माउंट करा.

सर्व्हर सुरू होताना कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते 'एफएसटॅब' या फाइलमध्ये लिहितात. त्यात ओळ लिहिताना एसडीबी असं नाव घालू नका, यूयूआयडी (फाइल सिस्टीमचा स्वतःचा ओळख क्रमांक) घाला. डिस्क वाढल्या की नावांची अदलाबदल होऊ शकते, यूयूआयडी तोच राहतो. ओळीत 'नोफेल' हा पर्यायही हवा. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर उबुंटू दीड मिनिट वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये थांबतं. रात्री लाइट गेली, पहाटे आली आणि सर्व्हर तिथेच अडकून बसला, तर गावात तो सोडवणारा माणूस शोधायचा कुठे?

पण 'नोफेल' लावल्यावर उलटा धोका येतो, आणि हा मुद्दा फारसं कोणी सांगत नाही. डिस्क माउंट झाली नाही तर सर्व्हर निमूट सुरू होतो आणि काट्याचा प्रोग्रॅम त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूटवरच, फोटो टाकत राहतो. रूट पुन्हा भरतो. म्हणून डिस्क माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचएटीटीआर'ने 'आय' (बदल न होऊ देणारा) गुणधर्म लावा. मग डिस्क नसताना तिथे कोणालाच लिहिता येत नाही, प्रोग्रॅम लगेच तक्रार करतो आणि तुम्हाला कळतं. ओळ लिहून झाली की रीबूट करण्याआधी 'फाइंडएमएनटी' व्हेरिफाय पर्यायासह चालवून ती तपासा.

आता उबुंटूच्या बाहेर येऊन प्रॉक्समॉक्सकडे बघा. तिथली 'लोकल-एलव्हीएम' जागा सहसा थिन असते. तुम्ही १०० जीबीची डिस्क दिली म्हणून खाली तेवढी जागा खरोखर बाजूला काढलेली नसते, लिहाल तशी ती खर्च होते. सगळ्या व्हर्च्युअल यंत्रांना मिळून दिलेली जागा खऱ्या एसएसडीपेक्षा जास्त झाली आणि पूल, म्हणजे ही सामायिक जागा, भरला, तर आतल्या सर्व्हरचं लिहिणं थांबतं आणि फाइल सिस्टीम बिघडू शकते. 'एलव्हीएस'मधला डेटाचा टक्का होस्टवर (प्रॉक्समॉक्स चालतं त्या खऱ्या यंत्रावर) जाऊन बघत राहा. तो ८० च्या पुढे असेल तर नवी व्हर्च्युअल डिस्क देऊन काही मिळणार नाही, खरी डिस्क बसवावी लागेल.

हे सगळं करायच्या आधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या यंत्रावर. स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची नोंद) त्याच पूलमध्ये राहतो, पूल गेला की तोही जातो. काम रात्री शेवटची गाडी रिकामी झाल्यावर धरा, आणि 'आरसिंक' चालू असेपर्यंत होस्ट यूपीएसवर असू द्या.