मधल्या शब्दावर बोट ठेव

सोलापूर

चिरंजीव लेकीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाई, वर्गात टीव्ही आहे, नेट आहे, धड्यांचं दीक्षा ॲप घेतलंय. सहावीच्या पोरांना पहिल्या दिवशी काय दाखवू?" मी सात रस्ता चौकात रिक्षात होते, धड ऐकू येत नव्हतं. आणि उत्तर दोन वाक्यांत मावणारंही नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

पहिले पंधरा दिवस काही दाखवू नकोस. एकेका पोराला जवळ घेऊन बस आणि त्याचं वाचन ऐक.

तुझ्या वर्गात जी मुलं बसणार आहेत, त्यांची नावं पहिलीत घातली गेली ती जून २०२० मध्ये. शाळांना मार्चपासून कुलूप होतं. त्यांची पहिली घरात गेली आणि दुसरीही बरीचशी घरातच गेली. राज्यात पहिली-दुसरीचे वर्ग भरायला डिसेंबर २०२१ उजाडला आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद. अक्षर गिरवताना मागून हात धरायला कुणी नव्हतं. मग एकदम तिसरी, आणि हातात तिसरीचं पुस्तक.

शाळा बंद होत्या त्या वर्षी मी विडी कामगारांच्या वस्तीत जायचे. राज्याचं घोषवाक्य होतं, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'. सकाळी दहाला व्हॉट्सॲपवर अभ्यास यायचा. पण घरातला एकच फोन वडिलांच्या खिशात, वडील टॉवेलच्या कारखान्यात, फोन घरी यायचा रात्री नऊला. तोवर पोरं झोपलेली. ज्यांच्या घरी टीव्ही होता ती सह्याद्रीवरचे धडे बघायची, पण मध्येच लाइट गेली की धडाही गेला.

एका घरात आईनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "बाई, हिला वाचता येतंय." आई उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. पोरगी पहिलीतली. पुस्तक उघडून पावसाची कविता तिनं घडाघडा म्हटली, बोट ओळीवरून फिरवत, एकही अडखळ नाही. मला भरून आलं. मग सहज मधल्या एका शब्दावर मी बोट ठेवलं, "हा कुठला गं?" ती गप्प. थोड्या वेळानं तिनं ओळीच्या सुरुवातीपासून मनात कविता म्हणायला घेतली, ओठ हलत होते, आणि तिथवर आल्यावर म्हणाली, "बेडूक." शब्द बरोबर होता. पण तिला 'बे' ओळखता येत नव्हता. व्हिडिओ पन्नास वेळा ऐकून कविता पाठ झाली होती, वाचन सुरूच झालं नव्हतं.

संध्याकाळी तिच्या वडिलांना मी हे सांगितलं. ते मागावर काम करणारे. म्हणाले, "ताण्यातला धागा तुटला की माग थांबवून गाठ मारतो आम्ही. तसाच चालू ठेवला तर पुढं सगळ्या कापडात रेघ येती. तुम्हीबी थांबा की बाई." मी इतकी प्रशिक्षणं केली, पण सेतू अभ्यासक्रम, म्हणजे मागचं राहिलेलं भरून काढणारा अभ्यास, कशासाठी हवा हे इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. २०२१ च्या जुलैत तो सेतू आला खरा, पंचेचाळीस दिवसांचा. तोही बहुतेक घरांत फोनवरच पोचला, म्हणजे ज्या वाटेनं धागा तुटला त्याच वाटेनं.

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलं २९ जुलै २०२० ला. १९८६ नंतर चौतीस वर्षांनी आलेलं धोरण, आणि त्या दिवशी आपल्या शाळा बंद. तू ते वाच, परीक्षेसाठी वाचलं होतंस तसं नको. शाळेच्या वर्षांचा ५+३+३+४ हा आराखडा सगळ्यांना पाठ असतो. त्यातलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की मुलाला वाचता, लिहिता आणि साधी बेरीज-वजाबाकी करता आली तरच बाकीच्या धोरणाचा त्याला उपयोग. त्यासाठी २०२५ पर्यंतची मुदत धरली होती. पुढं जुलै २०२१ मध्ये त्यासाठीच निपुण भारत हे केंद्राचं अभियान सुरू झालं आणि मुदत २०२६-२७ वर गेली. लक्ष्य तिसरीपर्यंतचं. आता बघ, तुझी पोरं सहावीत. ज्यांचा धागा तुटला, तीच मुलं या लक्ष्याच्या पुढं निघून गेली आहेत. त्यांच्यासाठी थांबणारं माणूस म्हणजे वर्गशिक्षक, म्हणजे आता तू.

'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये सत्तावीस होती, २०२२ मध्ये वीसवर आली. २०२४ ला पुन्हा सत्तावीस. लोक म्हणतात, भरून निघालं. पण २०२४ ची तिसरीतली मुलं वेगळी आहेत गं, ती शाळा उघडल्यावर पहिलीत आली. २०२२ मध्ये जी मागं राहिली, ती सावरली की नाही हे या आकड्यावरून कळत नाही. ते तुला एकेकाला विचारूनच कळेल.

म्हणून वही कर. प्रत्येक मुलाला एक पान. दुसरीच्या पुस्तकातला न पाठ झालेला उतारा दे आणि मधल्या शब्दावर बोट ठेव. कुठं अडलं ते लिही: जोडाक्षर, मात्रा, की अक्षरच. मुलाला सगळ्यांसमोर वाचायला लावू नकोस. सहावीतल्या पोराला लाज कळते. दुसरीचं पुस्तक हातात दिसलं तर तो उद्या येणार नाही, म्हणून उतारा कोऱ्या कागदावर लिहून दे.

हे सगळं वाचून बाई फोनच्या विरोधात आहेत असं समजू नकोस. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. आज बालभारतीच्या पुस्तकांवर जे चौकोन दिसतात, त्यांचा उपयोग कर. हृदयाच्या झडपा कशा उघडतात हे फळ्यावर काढून दिसत नाही, तिथं टीव्ही लाव. अपूर्णांकाला मात्र भाकरीच बरी.

पण फोनचा सगळ्यांत मोठा उपयोग मला उशिरा कळला. विडी वळणाऱ्या आईचे हात दिवसभर गुंतलेले असतात, डोळे पानावर. तिला व्हिडिओ पाठवून काय होणार? कान तेवढे मोकळे. मी आवाजाचे निरोप पाठवायला लागले, दोन मिनिटांचे, रात्री नऊनंतर. आणि उलटही. महिन्यातून एकदा मुलाचं एक मिनिटाचं वाचन फोनवर टिपायचं आणि आईला पाठवायचं. जूनमधलं आणि सप्टेंबरमधलं वाचन लागोपाठ ऐकल्यावर निरक्षर आईलासुद्धा फरक कळतो. प्रगतिपुस्तक तिला वाचता येत नाही, हे येतं. फक्त मुलांचे फोटो आणि आवाज स्वतःच्या स्टेटसला लावू नकोस. ते त्यांच्या घरासाठी.

तुझ्या वर्गात अर्धी मुलं घरी तेलुगू बोलणारी असतील, काही कन्नड. कुणी 'ते पुस्तक'ऐवजी 'ती पुस्तक' म्हणाला तर ती घरच्या भाषेची सवय, त्याला मठ्ठ ठरवू नकोस. अर्थ दोघादोघांना आपापसात तेलुगूत बोलू दे, मग मराठीत सांगायला लाव. घरच्या भाषेचा आधार धोरणानंही मानला आहे. तू स्वतः चार वाक्यं शिकून घे. "नीकु तेलुसा?", म्हणजे 'तुला माहीत आहे का?', एवढं विचारलंस तरी पोरं हसतील आणि बोलायला लागतील.

युडायस, सरल या सरकारी पोर्टलांवर रोज कुठली ना कुठली माहिती भरायची असते, ते चुकणार नाही. शिक्षणसेवकाच्या सोळा हजारांच्या मानधनात नेटपॅकही स्वतःचाच जातो, तेही मला माहीत आहे आणि त्याचा मला रागही येतो. तरी पहिला तास पोर्टलला देऊ नकोस. तो ऐकण्याचा ठेव. दुपारी जेवणानंतर मुलं पेंगतात, तेव्हा माहिती भर.

ती कवितेवाली पोरगी तुझ्याच वर्गात असण्याची शक्यता आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. तू सगळ्यांचंच वाचन ऐक.

पंधरा दिवसांनी रविवारी वही घेऊन घरी ये. एकेक पान बघू. ज्यांचं मात्रेवर अडलंय त्यांचा एक गट करू, जोडाक्षराचा दुसरा. येताना डबा आणू नकोस, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून ठेवते.

तुझी,
बाई