एका घरात पोपट आणि मोठा कुत्रा : वाचकांचे प्रश्न

पक्षी आणि कुत्रा दोन्ही सांभाळणाऱ्या घरांतून आलेली काही पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे पाच वर्षांचा आफ्रिकन ग्रे पोपट आहे. आता लॅब्रॅडोरचं पिल्लू आणतोय. दोघांची ओळख कशी करून द्यायची आणि किती दिवसांनी दोघांना एकत्र मोकळं सोडता येईल? (ठाणे)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. एकत्र मोकळं कधीच सोडायचं नाही, दोन वर्षांनीही नाही. ग्रे जेमतेम ४०० ते ५०० ग्रॅमचा असतो आणि लॅब्रॅडोर वाढून ३० किलोच्या आसपास जातो. लॅब्रॅडोर ही जात मुळात शिकाऱ्याने पाडलेला पक्षी तोंडात धरून आणण्यासाठी तयार झाली. तुमचं पिल्लू पोपटाला प्रेमाने तोंडात धरेल, पण बरगड्या तेवढ्यानेही मोडतात. त्यामुळे दोघांनी खेळावं ही अपेक्षा सोडून द्या. एकाच घरात राहून दोघांनी एकमेकांकडे दुर्लक्ष करावं, हे ध्येय ठेवा. ते नक्की जमतं.

पिल्लू यायच्या आधी पिंजऱ्याची व्यवस्था लावा. ग्रेसाठी किमान तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच पिंजरा हवा. गजांमधलं अंतर पाऊण ते एक इंच असावं. चाकांच्या हलक्या स्टँडवर तो ठेवू नका. मोठा झालेला लॅब्रॅडोर मागच्या पायांवर उभा राहिला की साडेचार फुटांपर्यंत पोचतो आणि असा स्टँड एका धक्क्यात आडवा होतो. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली हवी, कारण चारही बाजू उघड्या असल्या की पक्षी सतत धास्तावलेला राहतो. ग्रे साधी कडी चोचीने सहज उघडतो, म्हणून दाराला ट्रेकिंगच्या दुकानात मिळणारा स्टीलचा, पेचाचा हूक लावा. पिंजऱ्याखाली सांडलेलं बी आणि फळं वेळच्या वेळी उचला. बहुतेक लॅब्रॅडोर पिंजऱ्याकडे पहिल्यांदा येतात ते पक्ष्यासाठी नव्हे, खाली पडलेल्या खाऊसाठी.

पिल्लू घरी आलं की पहिला आठवडा भेट नाही, फक्त वासाची ओळख. पिंजऱ्यावर रात्री टाकायचं कापड पिल्लाच्या अंथरुणाजवळ ठेवा. या आठवड्यात पोपटाची झोपेची, खाण्याची आणि बाहेर यायची वेळ अजिबात बदलू नका. सगळं घर पिल्लाभोवती जमतं आणि ग्रे एकटा पडतो. त्यातून पिसं उपटायची सवय लागली तर ती सुटता सुटत नाही.

त्यानंतर पोपट पिंजऱ्यात आणि पिल्लू पट्ट्यावर, अशा भेटी सुरू करा. अंतर आठ-दहा फूट, वेळ पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. हातात उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे घ्या. पिल्लाने पोपटाकडे पाहिलं आणि आपणहून नजर तुमच्याकडे वळवली, की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणून तुकडा द्या. नजर वळवल्याचंच बक्षीस मिळतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. पट्टा ओढून, ओरडून नजर वळवलीत, तर पोपट दिसला की मार बसतो एवढंच ते शिकेल आणि पोपटावर डूख धरेल. सलग तीन-चार भेटी शांत गेल्या, तरच अंतर एक फुटाने कमी करा.

शांत म्हणजे काय, हे दोघांच्या अंगावरून वाचता यायला हवं. कुत्रा भुंकला तर एकवेळ ठीक, पण तो गप्प होऊन खिळला तर सावध व्हा. तोंड मिटलेलं, मान पुढे, एक पाय उचललेला, शेपूट ताठ आणि नजर हलत नाही, हे शिकारीचं लक्षण आहे. लगेच अंतर वाढवा. पोपटाने पिसं अंगाला घट्ट चिकटवली, अंग उंच आणि बारीक केलं, चोच उघडून धापा टाकल्या, तर तो घाबरलाय. तो पिसं साफ करत असेल, एक पाय पोटाशी घेऊन बसला असेल, चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर घासत असेल, तर त्याचं बरं चाललंय.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत लॅब्रॅडोर वयात येतो. तेव्हा शिकवलेलं बरंचसं विसरल्यासारखा वागतो. या काळात वरचा सगळा क्रम पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, त्यात खचून जायचं कारण नाही.

पोपट बाहेर काढायचा तेव्हा पिल्लू दुसऱ्या खोलीत, दार बंद. आधी पंखा बंद, मग खिडक्या बंद, मगच पिंजऱ्याचं दार उघडायचं, हा क्रम घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडू द्या. पक्षी उडून जाऊ नये म्हणून बरेच जण पंख कापतात. कुत्र्याच्या घरात हे करू नका. पंख कापलेला पोपट घाबरला की थेट जमिनीवर, कुत्र्याच्या तोंडापुढे पडतो. उडता येणारा निदान पडद्याच्या दांडीवर तरी जाऊन बसतो.

प्रश्न : आमच्याकडे कारवानी कुत्रा आहे. ओसरीवर बजरीगर या छोट्या पोपटांची जोडी ठेवायचा विचार आहे. कुत्रा स्वभावाने गरीब आहे, चालेल ना? (लातूर)

उत्तर : नको. कारवानी माणसांशी कितीही गरीब असला तरी तो नजरेने शिकार हेरून धावणारा कुत्रा आहे. हलकी हालचाल दिसली की विचार करायच्या आधी त्याचे पाय सुटतात आणि बजरीगर दिवसभर फडफडतच असतात. ३०-४० ग्रॅमचा जीव पिंजऱ्याला बसलेल्या धडकेच्या धक्क्यानेही दगावतो. पक्षी हवेतच असतील, तर कुत्र्याला जिथे प्रवेशच नाही अशी बंद खोली द्या. ओसरी नव्हे.

प्रश्न : पोपट असलेल्या घरात नॉनस्टिक तवा चालत नाही असं ऐकलं. खरं आहे का? आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी फवारा मारतो, त्याचं काय? (पुणे)

उत्तर : खरं आहे, आणि ही गोष्ट पक्षी घेतानाच सांगितली जायला हवी. नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की वायू सुटतो. मोठ्या आचेवर विसरलेला रिकामा तवा काही मिनिटांत तिथे पोचतो. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि त्याची फुप्फुसं हवेतलं सगळं फार झपाट्याने शोषून घेतात. आपल्याला वासही येत नाही, तोवर पोपट पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला असतो. यावर बहुतेक वेळा उपचाराला वेळच मिळत नाही. बिडाचा किंवा लोखंडी तवा वापरा, स्टीलची कढई वापरा. सँडविच टोस्टर आणि इस्त्रीच्या तळालाही हाच थर असू शकतो, तोही बघा.

पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून ठेवू नका. देवघराजवळही नको. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर या सगळ्याचा धूर किंवा वास पक्ष्याच्या फुप्फुसाला झेपत नाही. संध्याकाळचा धूप बंद करा असं म्हणणं नाही. पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या, खिडकी उघडा.

गोचिडांचा फवारा किंवा औषधी आंघोळ गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत करा आणि कुत्रा पूर्ण वाळल्याशिवाय त्याला पोपटाच्या खोलीत घेऊ नका. खरं तर पक्षी असलेल्या घरात गोचिडांसाठी तोंडावाटे द्यायची गोळी जास्त सोयीची पडते. कुत्र्याच्या वजनानुसार कोणती द्यायची, ते पशुवैद्यकांना विचारा. गोचिडांकडे दुर्लक्ष मात्र नको. त्यांच्यापासून होणारा ताप कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी नासवतो आणि आपल्याकडे तो सर्रास आढळतो.

प्रश्न : कुत्र्याने कॉकटीलला (तुरेवाल्या छोट्या पोपटाला) क्षणभर तोंडात धरलं आणि सोडलं. रक्त नाही, पक्षी चालतोय. थांबून बघू का? (कोल्हापूर)

उत्तर : थांबू नका, त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच दवाखाना गाठा. दाताचं छिद्र पिसांखाली दिसत नाही आणि लाळेतले जिवाणू एक-दोन दिवसांत पक्ष्याचा जीव घेऊ शकतात. बाहेरून साबूत दिसणाऱ्या पक्ष्यालाही प्रतिजैविक लागतं. हवेची पिशवी फुटली असेल तर कातडीखाली फुगवटा दिसतो.

दवाखान्यात नेईपर्यंत त्याला भोकं पाडलेल्या बुटाच्या खोक्यात, खाली सुती कापड घालून, अंधारात ठेवा. खोक्याच्या एका बाजूला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. हळद, तेल, मलम काहीही लावू नका, तेलकट पिसांनी पक्षी गारठतो. चोचीत पाणी ओतू नका, माणसांची गोळी देऊ नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा.

प्रश्न : उन्हाळ्यात जर्मन शेफर्ड आणि पोपट दोघांना कूलरच्या खोलीत ठेवतो. तरी कुत्रा धापा टाकतो. (नागपूर)

उत्तर : खिडकी बंद असेल. कुत्रा धापा टाकून, जिभेवरच्या पाण्याची वाफ करून अंग थंड करतो. बंद खोलीत कूलर चालला की हवा दमट होते, वाफ होत नाही आणि धापा फुकट जातात. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवा. शेफर्डचे केस भादरू नका, आतली लव उन्हापासून वाचवते. फक्त रोज विंचरून गळलेली लव काढा. फिरवणं सकाळी सहाच्या आत आणि रात्री उशिरा. रस्त्याला हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही, तर त्याचे तळवेही भाजतात.

कुत्रा लडखडला, हिरड्या लालभडक झाल्या, दाट लाळ गळू लागली, तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, नळाचं साधं पाणी पोट, जांघा आणि पायांवर ओतत राहा, पंखा लावा आणि मग गाडीत घाला. ओला टॉवेल अंगावर पसरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. ताप १०३ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला की पाणी ओतणं थांबवा.

पोपटासाठी एक वेगळी काळजी. कूलरच्या जुन्या गवतात बुरशी धरते आणि ती पक्ष्याच्या फुप्फुसात बसली तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. दर हंगामाला गवत नवीन घाला, टाकीतलं पाणी बदलत राहा आणि पिंजरा थेट झोताच्या बाहेर ठेवा. दुपारी एक उथळ बशी पाणी द्या. तो स्वतःच आंघोळ करेल.

प्रश्न : शेजारी गाव सोडून चाललेत. त्यांचा मिठू आम्हाला देऊ करताहेत. घ्यावा का? (नाशिक)

उत्तर : मिठू म्हणजे गळ्याला कंठ असलेला आपला हिरवा पोपट असेल, तर घेऊ नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली तो संरक्षित आहे. तो पाळणं, विकणं, भेट देणं, सगळं गुन्हा आहे. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट आणि जांभळ्या डोक्याचा टोई, यांनाही तेच लागू. असे पक्षी झाडाच्या ढोलीतून पिल्लं ओरबाडून आणले जातात आणि त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. शेजाऱ्यांना वनविभागाशी बोलायला सांगा. महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. स्वतःहून मात्र सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला ना अन्न शोधता येतं, ना घारीपासून वाचता येतं.

परदेशी जातींचं वेगळं आहे. बजरीगर आणि कॉकटील पाळायला नोंदणी लागत नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर असली पाहिजे आणि पक्षी दुसऱ्याकडे गेला तर तीही नोंद करावी लागते. कागद दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : ग्रेट डेनचं तीन महिन्यांचं पिल्लू आहे. हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमचं औषध सुरू करू का? (सोलापूर)

उत्तर : मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाद्य देत असाल, तर वरून कॅल्शियम अजिबात नको. जादा कॅल्शियम या पिल्लांना बाहेर टाकता येत नाही, हाडं वेडीवाकडी वाढतात आणि पाय कायमचे बाक धरतात. पिल्लू गुबगुबीतही करू नका, हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीनदा खायला द्या, पुढे दोनदा. खाल्ल्यावर तासभर उड्या नाहीत. मोठा झाल्यावर पोट फुगलं आणि उलटीचा उमाळा येऊनही काही पडेना, तर जठराला पीळ बसलेला असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच पावली निघा, सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : आमचा ग्रे कुत्र्याला माझ्या आवाजात हाक मारतो, "बस" म्हणतो, शिट्टी वाजवतो. कुत्रा गोंधळतो आणि आता माझंही ऐकेनासा झालाय. (चिंचवड)

उत्तर : कुत्रा हाकेला येतो, बक्षीस मिळत नाही, असं दिवसातून वीसदा झालं की त्या शब्दाची किंमत जाते. पोपटाला गप्प करायला जाऊ नका. तुमचं लक्ष मिळतंय म्हटल्यावर तो आणखी बोलेल. कुत्र्याच्या सूचना हाताच्या खुणांवर न्या. तळहात वर उचलला की बस, तळहात समोर धरला की थांब. आधी खूण, लगेच शब्द, मग बक्षीस, असं काही दिवस करा आणि हळूहळू शब्द गाळा. बाहेर फिरताना बोलावण्यासाठी घरात कधीही न वाजवलेली शिट्टी वेगळी घ्या आणि तिचा सराव पोपटाच्या कानावर न पडेल अशा जागी, मैदानावरच करा.