पुण्याहून गोव्याला जाताना सावंतवाडीला एक दिवस थांबावं का?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात पुण्याहून आंबोलीमार्गे गोव्याला निघालोय, सोबत 6 आणि 11 वर्षांची मुलं आहेत, तर सावंतवाडीत एक दिवस काढण्यासारखं आहे का, आणि तिथला बाजार, खाणं, लाकडी खेळणी याबद्दल जे ऐकलंय ते खरं का.

थांबा. आणि जमलं तर तो दिवस मंगळवार असू द्या.

माझं माहेर सावंतवाडीपासून एसटीने अर्ध्या तासावर. लग्न होऊन पुण्यात आले त्याला 22 वर्षं झाली, पण वर्षातून दोनदा तरी जाणं होतंच. गोव्याला निघालेली माणसं मोती तलावाच्या काठी गाडी थांबवतात, चार फोटो काढतात, समोरच्या दुकानातून एक लाकडी आंबा घेतात आणि तासाभरात निघतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण या गावात जे बघायचं ते माणसांच्या हातात आहे आणि त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

मंगळवार म्हणते कारण तो आठवड्याचा बाजार. सकाळी आठ-साडेआठला पोचा, दहानंतर ऊन चढतं आणि चांगला माल उठलेला असतो. घाटावरून आलेले व्यापारी मोठ्या ताडपत्र्या पसरून बसतात, त्यांच्याकडे कांदे, बटाटे, कोबी, म्हणजे तुम्हाला पुण्यात मिळतं तेच सगळं. तिथे रेंगाळू नका. कडेकडेने आसपासच्या गावांतल्या बायका बसलेल्या दिसतील. पुढ्यात एक पोतं, त्यावर भाजीचे पाच-सहा वाटे, बाजूला दोन नारळ, कधी एखादा केळीचा घड. ती गावठी भाजी. डिसेंबरात तांबडी भाजी, मुळा, वाल, चवळीच्या शेंगा मिळतात आणि नशीब असेल तर करांदे. करांदे म्हणजे वेलीला लागणारा कंद, मीठ घालून उकडून खातात, किंचित कडवट लागतो. मुलं नाक मुरडतील, पण एकदा चव घेऊ द्या.

या बायकांशी घासाघीस करू नका, एवढी माझी हात जोडून विनंती. गेल्या खेपेला एका आजीकडे तांबड्या भाजीच्या दोन जुड्या उरल्या होत्या. मी एक उचलली तर दुसरीही तिने माझ्या पिशवीत घातली, वर पैसे घेईना. म्हणाली, "ह्यां घे गे बाय, माका परत घराक न्हेवक लावू नको." सकाळी सहाच्या गाडीने आलेली बाई ती. मी पैसे तिच्या पोत्याखाली सरकवले आणि निघाले.

बाजारातून न्यायचं म्हणाल तर कोकम आगळ पहिलं. यात लोकांचा घोळ होतो तो असा, की आगळ म्हणजे रतांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घातलेला रस आणि अमृत कोकम म्हणजे साखरेतलं सरबत. सोलकढीला आगळ हवं. नारळाच्या दुधात आगळ घातल्यावर वरून मीठ घालायच्या आधी चव बघा, बहुतेक वेळा लागतच नाही. दुसरं तिरफळ. वाळलेलं, तोंड उघडलेलं आणि आतली काळी बी काढलेलं घ्या. ते वाटायचं नसतं, नुसतं ठेचून बांगड्याच्या आमटीत सोडायचं. तिसरं कुळथाचं पीठ. पावसाळी संध्याकाळी पुण्यात गरम भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा असं ताट वाढलं की माझी मुलं पिझ्झा विसरतात. सुकी मासळी घेणार असाल तर मात्र चारपदरी बांधून घ्या आणि गाडीच्या डिकीत ठेवा, नाहीतर गोव्यापर्यंत सगळे माझ्या नावाने बोटं मोडतील.

खाजंही घ्या. बेसनाच्या कांड्या तळून गुळाच्या पाकात घोळवलेल्या असतात, पाकात आलं असतं. जत्रेतलं खाजं ताजं असेल तर बोटाला गूळ चिकटतो आणि आल्याचा झटका घशाला लागतो. डिसेंबर म्हणजे जत्रांचे दिवस. जवळपासच्या कुठल्या गावात त्या रात्री जत्रा आहे का हे कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, असेल तर दशावतारी नाटक असणारच. मुलांना रात्री तासभर तरी तिथे बसवा. का ते पुढे सांगते.

जेवायला गावात खाणावळी पुष्कळ आहेत. जिथे स्थानिक माणसं जेवताना दिसतील तिथे शिरा. वडे-सागोती म्हणजे कोंबडी-वडे, ते मिळतातच. पण मासे खाणाऱ्यांनी आधी "आज ताजां काय?" असं विचारावं आणि जे सांगतील ते घ्यावं. सुरमईच हवी म्हणून हटून बसू नका. बांगडा ताजा असेल तर त्यापुढे सुरमई काही नाही, हे माझं पक्कं मत. आदल्या दिवशी सोमवारी पोचलात तर इथल्या बऱ्याच घरांत शिवराक असतो, म्हणजे शाकाहार. तोही चुकवू नका. काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, सोलकढी आणि उकड्या तांदळाचा भात. सकाळच्या न्याहारीला घावणे किंवा आंबोळी विचारा.

आता खेळण्यांकडे येते. प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यांत जवळचा आहे.

उभाबाजाराला लागून चितार आळी आहे. चितारी म्हणजे रंगकाम करणारे कारागीर, त्यांच्यावरून आळीचं नाव. लाकडी फळं, भातुकली, पाट, चौरंग, देव्हारे, बाळाचा पांगुळगाडा, भोवरे हे सगळं इथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. पूर्वी पांगाऱ्याचं लाकूड वापरत, हलकं आणि मऊ म्हणून. पांगारा कमी झाला तसं आंबा, शिवण अशी लाकडं आली. इथल्या लाकडी कामाला आणि गंजिफांना, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांना, आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

तरीही आळीत ठेवलेली प्रत्येक वस्तू आळीत झालेली नसते, हे समजून जा. काही वर्षांपूर्वी मी घाईत, एका दुकानातून भाचीसाठी भातुकलीचा संच घेतला. सावंतवाडीचीच आहे ना, असं विचारलं तर हो म्हणाले. ती दीड वर्षाची, सगळं तोंडात घालायची. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ हिरवे. लाकूडही बाहेरचं, रंगही नुसता वरवर फासलेला. माहेरवाशिणीचीच अशी फसगत झाली, त्या दिवशी मी रडले होते. तेव्हापासून मी आधी विचारते की हे कुठल्या लाकडाचं, कोणी केलं, आणि काम चालतं ते बघता येईल का. ज्याच्या घरात काम होतं तो माणूस या प्रश्नांनी खुलतो. ज्याच्याकडे होत नाही तो विषय बदलतो. ओल्या रुमालाने खालची बाजू पुसून बघा, आणि वस्तू तळाकडून तितकीच नीट केलेली आहे का तेही बघा.

मुलांना लेथवरचं लाखकाम दाखवा. लाकडाचा ठोकळा गरगर फिरत असतो, त्याला पटाशी लावली की लाकडाच्या पातळ साली उडतात आणि बघता बघता भोवऱ्याचा आकार येतो. मग रंगीत लाखेची कांडी त्या फिरत्या लाकडाला टेकवतात. घासून जी ऊब येते तिनेच लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो, ब्रश नाही की डबा नाही. शेवटी केवड्याचं पान दाबून धरतात आणि त्या पानाने झळाळी येते. लाखेचा तो गोडसर जळका वास मला आजही डोळे मिटून ओळखता येतो.

फळांचं काम वेगळं, ते हाताने रंगवतात. एकदा एक वयस्क काका केळ्यांचा घड रंगवत होते. पिवळा रंग झाला, टोकं हिरवट झाली, मला वाटलं झालं. त्यांनी सगळ्यांत बारीक ब्रश घेतला आणि एकेका केळ्यावर काळे-तपकिरी ठिपके देत बसले. इतके कशाला, असं विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "पिकल्या केळ्यार ठिपके नसले तर ता केळां कसला?" तो घड आज माझ्या पुण्यातल्या टेबलावर आहे आणि नवीन माणूस हमखास हात घालतो.

6 वर्षांच्या मुलासाठी भातुकली घ्या, त्यातलं जातं खरंच फिरतं. 11 वर्षांच्यासाठी मात्र राजवाड्यात चला.

तलावासमोरचा राजवाडा इथले राजे तिसरे खेम सावंत यांच्या काळातला, त्यांची कारकीर्द 1755 ते 1803. तिथल्या दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. नाव फारसी, खेळ मोगलांबरोबर इकडे रुजला. बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या एका मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. आपल्याकडे येता येता त्या पत्त्यांवर दशावतार आले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा, म्हणजे एकूण 120 पत्ते. राजाच्या पत्त्यावर स्वतः तो अवतार. राजा-प्रधानांच्या खालोखाल पाच रंगांत दहाचा पत्ता मोठा आणि उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा. आणि मला सगळ्यांत आवडतो तो नियम: दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची, रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्ण त्याने. म्हणून म्हटलं जत्रेतलं नाटक दाखवा. रात्री रंगमंचावर बघितलेले अवतार सकाळी हातातल्या पत्त्यावर ओळखता आले की मुलांचे चेहरे बघा.

ही कला जवळजवळ गेली होती. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी या दोघांनी एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली, तरुण कारागिरांना शिकवली आणि 1971 मध्ये सावंतवाडी लॅकरवेअर्स सुरू केलं. आज राजवाड्यात जे काम चाललेलं दिसतं ते त्यामुळे. पूर्ण संच महाग वाटेल. किंमत ऐकून मागे फिरण्याआधी पाच मिनिटं कारागिराच्या बाजूला उभे राहा, एका पत्त्याची नक्षीची किनार काढायला किती वेळ लागतो ते बघा आणि त्याला 120 ने गुणा. परवडत नसेल तर सुटे पत्ते किंवा गंजिफाची चित्रं असलेल्या लहान वस्तू मिळतात, त्या घ्या. कारागीर मान खाली घालून काम करत असतात, पण मुलांनी विचारलं तर प्रेमाने सांगतात. फोटो काढण्याआधी मात्र विचारा.

दिवसाची आखणी अगदी साधी ठेवा. सकाळी बाजार, मग चितार आळी, जेवण, दुपारी राजवाडा. तो कधी उघडा असतो ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. संध्याकाळी तलावाकाठी केशवसुत कट्ट्यावर बसा, गावातले लोकही तिथेच येतात. रेल्वेने येणार असाल तर सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, तिथून रिक्षा करावी लागते. एसटी स्टँड गावातच.

मंगळवार जमत नसेल तरी या, आळी आणि राजवाड्यासाठी तो दिवस लागत नाही. आणि पुढे कधी एप्रिल-मेमध्ये निघालात तर इथेच खाली लिहा. ओल्या काजूगरांची उसळ आणि रसाळ फणस यांबद्दल तेव्हा वेगळं सांगेन. गणपतीच्या आधीचा बाजार तर अजूनच निराळा. माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, बांधायची कवंडाळं, शेरवडाची पानं आणि सुपारीची शिपटी घेऊन बायका डोंगरातून उतरतात तेव्हा.